सिस्टिम कॅटलॉगची दुरुस्ती: मोकळीक आणि चाप

डेटाबेसची स्वतःबद्दलची माहितीही साध्या टेबलांतच असावी आणि नेहमीच्या क्वेरीने वाचता यावी, हा रिलेशनल डेटाबेसचे जनक एडगर कॉड यांच्या १९८५च्या नियमांपैकी चौथा. याच टेबलांना सिस्टिम कॅटलॉग म्हणतात. पण जे टेबल वाचता येते ते बदलण्याचा मोहही होतो, आणि कॅटलॉग बिघडण्याचे बरेच प्रकार तिथूनच निघाले.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०००च्या आवृत्तीपर्यंत ‘अलाऊ अपडेट्स’ हे सेटिंग चालू केले की सिस्टिम टेबलांत थेट हात घालता येई. एखाद्या टेबलाची मुख्य नोंद उडवली, पण त्याच्या कॉलमांच्या नोंदी मागे राहिल्या, की विसंगती वर्षानुवर्षे दडून राही. २००५च्या आवृत्तीत ही मुभा गेली आणि चेकडीबी या डेटाबेस तपासणाऱ्या कमांडमध्ये कॅटलॉगही आला. जुन्या चुका तेव्हा उघड झाल्या, पण त्या दुरुस्त करणारा पर्याय दिलेला नव्हता. उपाय एकच, चांगला बॅकअप.

मायएसक्यूएलमध्ये टेबलाची व्याख्या दोन जागी असे: एफआरएम फाईलमध्ये आणि डेटा साठवणाऱ्या इनोडीबी इंजिनच्या आपल्या डिक्शनरीत, म्हणजे कॅटलॉगमध्ये. ऑल्टर, म्हणजे टेबलाची रचना बदलणारी कमांड, चालू असताना सर्व्हर पडला की दोन्हींचा मेळ बसेना. २०१८च्या ८.० आवृत्तीत एकच व्यवहारबद्ध (बदल पूर्ण होतो किंवा मुळीच होत नाही अशी) डिक्शनरी आली.

पोस्टग्रेसने दार उघडेच ठेवले. सुपरयूझर, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, आजही पीजी_क्लासमधली (टेबलांची यादी ठेवणाऱ्या कॅटलॉग टेबलातली) ओळ साध्या डिलीटने काढू शकतो. (त्यासाठी अलाऊ_सिस्टिम_टेबल_मॉड्स हे सेटिंग चालू करण्याची गरज नाही, ते कॅटलॉगची रचना बदलण्यासाठी असते. तरी अनेक जण आधी तेच चालू करतात.) म्हणून इथे दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा.

पहिले काम म्हणजे सर्व्हर थांबवून संपूर्ण डेटा डिरेक्टरीची प्रत. थांबवणे शक्यच नसेल तर निदान फाईलसिस्टिमचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत. स्टँडबाय (मूळ सर्व्हरची सतत ताजी राहणारी जोड-प्रत) असेल तर तोही तपासावा. डिस्कने केलेला बिघाड बहुधा तिथे पोहोचलेला नसतो.

‘कॅश लुकअप फेल्ड फॉर रिलेशन’ (टेबलाची नोंद कॅटलॉगमध्ये सापडली नाही) ही चूक दिसली की टेबल गेले असे धरू नये. इंडेक्स (ओळी झटपट शोधण्याची सूची) वापरणारे इंडेक्स स्कॅन, इंडेक्स-ओन्ली स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन बंद करून पीजी_क्लासमधली त्या टेबलाची ओळ शोधावी. आता सापडली तर दोष इंडेक्समध्ये आहे. मग सेशन सुरू करतानाच ‘-P’ (मोठा P) देऊन, म्हणजे सिस्टिम इंडेक्स न वाचता, ते इंडेक्स नव्याने बांधणारे रीइंडेक्स सिस्टिम चालवावे. इतर काम न अडवता इंडेक्स बांधणारा कन्करंटली पर्याय कॅटलॉगवर चालत नाही, त्यामुळे इतर सेशन अडकतात. लॉक_टाइमआउट (लॉकसाठी थांबण्याची मर्यादा) लावून कमी वर्दळीची वेळ धरावी.

युनिक (दुहेरी मूल्ये न चालणारा) इंडेक्स बांधता येत नाही म्हणून रीइंडेक्स अडले, तर खुद्द टेबलातच दुहेरी ओळी आहेत. त्या सीटीआयडी (ओळीची डिस्कवरची जागा) आणि एक्समिन (ती ओळ घालणाऱ्या ट्रान्झॅक्शनचा क्रमांक) यांसह पाहाव्यात, ट्रान्झॅक्शन उघडून सीटीआयडीनेच नको ती ओळ काढावी, एकच ओळ गेल्याची खात्री करून मगच कमिट. नुसत्या ओआयडीने (दोन्ही ओळींत सारख्याच असलेल्या ओळख-क्रमांकाने) डिलीट केले तर दोन्ही जातात. डिलीटही फसले तर १४व्या आवृत्तीपासून (२०२१) पीजी_सर्जरी हे बिघडलेल्या ओळींसाठीचे एक्स्टेन्शन आहे. त्यातले हीप_फोर्स_किल हे फंक्शन ओळीची शहानिशा न करताच ती मृत ठरवते, त्यामुळे ते आधी प्रतीवर चालवून पाहिल्याशिवाय मूळ सर्व्हरवर नको.

त्यानंतर बिघाड तपासणारे पीजी_अ‍ॅमचेक चालवावे आणि पूर्ण पीजी_डंप (डेटा क्वेरीने वाचून काढलेली प्रत) घेऊन तो नव्या क्लस्टरमध्ये, म्हणजे नव्या डेटा डिरेक्टरीत, भरावा. पीजी_बेसबॅकअपने इथे भागत नाही, कारण तो फाईलींची प्रत घेताना बिघडलेली पानेही जशीच्या तशी उचलतो.