मनःस्थिती व उमेदीच्या स्थैर्याचे मापन

माणसाचा मूड आणि अंगातली उमेद किती टिकून राहते, किती वेळा आणि किती झपाट्याने बदलते, हे आकड्यांत मांडण्याची पद्धत.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या चढउतारांचे तक्ते काढले होते. द्विध्रुवीय विकारात, म्हणजे मन कधी फार चढते तर कधी फार खचते अशा आजारात, अजूनही असे आलेख ठेवतात. १९७० च्या दशकापासून दुसरी रीत रुळली: दिवसातून अनेकदा ‘आत्ता कसं वाटतंय?’ असे विचारायचे. मागचे आठवायला सांगितले, तर सर्वांत तीव्र आणि सर्वांत अलीकडचे क्षणच वरचढ ठरतात. गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली नैराश्याची तीव्रता सांगते. मधले हेलकावे तिच्यात दिसत नाहीत.

नुसती सरासरीही फसवी. सहा दिवसांच्या मूडच्या गुणांच्या ३, ३, ३, ७, ७, ७ आणि ३, ७, ३, ७, ३, ७ या दोन्ही नोंदींची सरासरी ५ आणि प्रमाण विचलनही (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचे माप) सारखेच, २. पण लागोपाठच्या फरकांचे वर्ग करून त्यांची सरासरी काढली, तर पहिल्या नोंदीसाठी ३.२ आणि दुसरीसाठी १६ येते. सांगलीकरांना हे वेगळे सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. तरी पावसाळ्यात पहिला प्रश्न असतो, पाणी किती वेगाने चढतंय?

मूड आणि उमेद यांना वेगवेगळे गुण द्यावेत. मन उदास नसतानाही अंगात त्राण नसू शकते; उलट चिडचिड आणि अस्वस्थ धडपड एकत्रही येतात. दोन्हींची एकच बेरीज केली की नेमकी हीच गोष्ट झाकली जाते.

नोंदीशेजारी झोप आणि कामाची वेळ लिहिलेली नसेल, तर आकडा वाचणे अवघड. वाळवा किंवा कराड तालुक्यातल्या साखर कारखान्यात गाळप हंगामात रातपाळी करणाऱ्या कामगाराची उमेद पाळी बदलली की हलणारच. त्याला लगेच आजाराचे नाव देणे घाईचे होईल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर नदीकाठच्या घरांत मनाचा तोल ढळला असेल, तर तेही प्रसंगाला धरूनच वाचावे लागते.

अस्थिरतेचा आकडा म्हणजे निदान नव्हे. उन्मादाच्या, म्हणजे मन आणि उमेद असामान्य चढलेल्या अवस्थेच्या, निदानासाठी साधारण आठवडाभर आणि सौम्य उन्मादासाठी किमान चार दिवस सलग लक्षणे असावी लागतात. एका दिवसात दहा वेळा बदललेला मूड त्या चौकटीत आपोआप बसत नाही.