घुमट नेमके कोणत्या वर्गात बसते?

चवथीच्या दिवसांत गोव्यातल्या घराघरांत मराठी आरत्या घुमतात आणि साथीला घुमट, शामेळ, कांसाळे असतात. घुमट मातीचे, शामेळ दोन काठ्यांनी वाजणारे कातड्याचे वाद्य, कांसाळे धातूची झांज. या तिघांकडे पाहिले तर वाद्यांच्या वर्गवारीचा सगळा इतिहास डोळ्यांसमोर येतो.

ही वर्गवारी आपल्याकडे फार जुनी. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात चार प्रकार सांगितले आहेत: तारांची तत वाद्ये, कातड्याने मढवलेली अवनद्ध, वाऱ्यावर वाजणारी सुषिर आणि एकमेकांवर आपटून वाजणारी घन. मानाचे कोणते आणि गावठी कोणते, हा विचार त्यात नाही. नाद कशातून उठतो, एवढेच पाहिले आहे, आणि मला ते फार मोलाचे वाटते.

युरोपात मात्र बराच काळ तंतुवाद्ये, फुंकीची वाद्ये आणि आघातवाद्ये असे तीनच गट चालत. ढोल आणि झांज एकाच गटात जात. १८७६च्या सुमारास कोलकात्याच्या सौरींद्रमोहन टागोरांनी बेल्जियमच्या राजाला भारतीय वाद्यांचा मोठा संग्रह भेट दिला. तो ब्रुसेल्सच्या संग्रहालयात गेला. तिथला अभिरक्षक व्हिक्टर माहियोँ याने १८८०च्या सूचीत भारतीय पद्धतीशी मिळतेजुळते चार वर्ग केले. त्याच पायावर १९१४ साली होर्नबॉस्टेल आणि झाख्स या संगीत-अभ्यासकांनी आपली वर्गवारीची पद्धत उभी केली. जगभरचे अभ्यासक आजही ती वापरतात. विजेवरच्या वाद्यांचा पाचवा वर्ग नंतर जोडला गेला.

गोव्यात या चौकटीत भर पडत गेली. देवळांत सनई-चौघडा होताच. सोळाव्या शतकापासून चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य संगीत शिकवले जाऊ लागले आणि व्हायोलिन इथे रुजले. मांडो या गोव्याच्या पारंपरिक गाण्या-नाचाला आजही घुमट आणि व्हायोलिन दोन्ही साथ देतात. पुढे मराठी नाटकांबरोबर आणि भजनांबरोबर हार्मोनियम घरोघर आले. बोरीच्या तुळशीदास बोरकरांनी त्यात हयात घालवली. हार्मोनियमला पट्ट्या असल्या तरी नाद भात्याच्या वाऱ्याने उठतो, म्हणून ते सुषिर.

घुमटापाशी जरा थांबायला हवे. मडक्यासारख्या या वाद्याला दोन तोंडे. रुंद तोंडावर कातडे ताणून बसवलेले असते, अरुंद तोंड मोकळे. उजव्या हाताने कातड्यावर थाप देताना वादक डाव्या तळव्याने मोकळे तोंड कमी-जास्त झाकतो आणि त्याने खर्ज चढतो-उतरतो. शास्त्राप्रमाणे घुमट अवनद्धच, पण त्याची खरी ओळख आतल्या हवेने घडते. ही ओळख चार वर्गांच्या यादीत कुठेच दिसत नाही.

परंपरेने हे कातडे घोरपडीचे असे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे घोरपड मारणे गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. त्यामुळे आता घुमटे बकऱ्याच्या कातड्याने मढवतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला, तो या बदललेल्या घुमटालाही लागू आहे. जुने वादक आवाजातला फरक सांगतात. पातळ कातडे निवडून आणि ताण नीट राखून तो फरक कमी करण्याचे काम आज मडकी घडवणारे आणि मढवणारे करीत आहेत.