परस्पर-गुणांकन पद्धती

ऑनलाइन समुदायातील सदस्य किंवा खेळाडू एकमेकांच्या वर्तनावर जी मते देतात, त्यांवरून प्रत्येकाची पत ठरवणारी व्यवस्था. बुद्धिबळातील एलो गुणांकन निकालांवरून कौशल्य मोजते, म्हणून ते येथे विचारात घेतलेले नाही.

इंटरनेटवरील आरंभ सामान्यतः ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळाच्या १९९६ मधील अभिप्राय-व्यवस्थेपासून धरतात. मूळ कल्पनेचा माग काही अभ्यासक सुमारे अकराव्या शतकातील मगरिबी (उत्तर आफ्रिकेतील) ज्यू व्यापाऱ्यांपर्यंत नेतात. दगाबाज अडत्याची वार्ता पत्रांतून पसरे आणि सर्व व्यापारी त्याच्याशी व्यवहार तोडत, असे अर्थशास्त्रज्ञ ॲव्हनर ग्राइफ यांनी १९८९ मध्ये मांडले. जेरेमी एडवर्ड्स व शीला ओगिल्व्ही यांच्या मते सामूहिक बहिष्काराचा पुरावा तोकडा असून हे व्यापारी न्यायालयांचाही आधार घेत. वाद मिटलेला नाही. तथापि पत आणि कायदा दोन्ही बरोबरीने चालत असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मतांची सरासरी फसवी असते. एकच अनुकूल मत मिळालेल्याची सरासरी १०० टक्के, तर १०० पैकी ९० मते अनुकूल असलेल्याची ९० टक्के भरते. संख्याशास्त्रज्ञ एडविन विल्सन यांच्या १९२७ मधील सूत्राने ९५ टक्के विश्वासपातळीची खालची मर्यादा, म्हणजे मतांची संख्या लक्षात घेता खरे प्रमाण निदान किती असावे याचा सावध अंदाज, काढल्यास हेच आकडे अनुक्रमे सुमारे २१ व ८३ येतात, आणि क्रम उलटतो.

सूडाची भीती हा याहून अवघड प्रश्न. ईबेवर खरेदीदाराने वाईट शेरा दिला की विक्रेताही उलट तसाच शेरा देई. त्यामुळे नाराज ग्राहक गप्प बसत. २००८ मध्ये विक्रेत्यांचा प्रतिकूल शेऱ्याचा हक्कच काढून घेण्यात आला. घरे भाड्याने देण्याच्या एअरबीएनबी या संकेतस्थळाने २०१४ मध्ये दोन्ही बाजूंचे शेरे एकदम उघड करण्याची रीत आणली. कोणाचेच तोंड बंद होत नसल्याने ती अधिक न्याय्य म्हणावी लागेल.

नवे खाते फुकट मिळत असेल, तर बदनाम सदस्य नाव बदलून परततो आणि प्रामाणिक नवागतालाही संशय सोसावा लागतो, हे फ्रीडमन व रेझ्निक यांनी २००१ मध्ये दाखवले. एकाच व्यक्तीने अनेक खाती काढून मते फुगवण्याला ‘सिबिल हल्ला’ म्हणतात.

खेळांत कौशल्याचा राग वर्तनाच्या मतांत मिसळतो. ‘ओव्हरवॉच’ या ऑनलाइन नेमबाजीच्या सांघिक खेळामध्ये नको असलेला खेळाडू टाळण्याची सोय होती. एका निष्णात नेमबाजाला, वर्तन चांगले असूनही, इतक्यांनी टाळले की त्याला सामनेच मिळेनात. २०१६ मध्ये ती सोय काढावी लागली. २०१८ मध्ये त्याच खेळात सामन्यानंतर चांगल्या वर्तनाची पावती देण्याची व्यवस्था आली.