पीएलसीमधील क्लॉक पल्स

प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर म्हणजेच पीएलसी (कारखान्यातली यंत्रे चालवणारा संगणक) याच्या प्रोग्रॅममध्ये ठरावीक कालावधीने आपोआप चालू-बंद होत राहणाऱ्या बिटाला क्लॉक पल्स म्हणतात. पॅनेलवरचा अलार्मचा दिवा लुकलुकवणे, पंप किती तास चालला ते मोजणे, फ्लोमीटरच्या दरावरून एकूण लिटर काढणे, स्काडाला, म्हणजे देखरेखीच्या संगणकाला, हार्टबीट (आपण चालू आहोत अशी खूण) पाठवत राहणे ही कामे अशाच बिटांवर चालतात. एकच पल्स सगळीकडे पुरेल असे वाटते, पण दिव्याला चालणारा पल्स मोजणीला चालेलच असे नाही. या विषयातल्या बहुतेक गडबडी तिथेच होतात.

अडचणीचे मूळ स्कॅनमध्ये, म्हणजे पीएलसीच्या कामाच्या फेरीत आहे. पीएलसी इनपुट वाचतो, प्रोग्रॅम वरून खाली सोडवतो, आउटपुट लिहितो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रिले (विजेने ओढले जाणारे स्विच) पॅनेलांना पर्याय म्हणून मोडिकॉन ०८४ हा पीएलसी आला, तेव्हापासून ही चाल फारशी बदललेली नाही. एका फेरीला किती मिलिसेकंद लागतील हे प्रोग्रॅमच्या लांबीवर आणि त्या फेरीत त्याचा कोणता भाग चालला यावर ठरते. वेळ सरल्याचे प्रोग्रॅमला कळते ते फेरी त्या ओळीवर येते तेव्हाच.

सर्वांत सोपा मार्ग कंपनीने दिलेल्या तयार बिटांचा. मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेत एम८०११ ते एम८०१४ हे चार बिट अनुक्रमे १० मिलिसेकंद, १०० मिलिसेकंद, १ सेकंद आणि १ मिनिट कालावधीचे पल्स देतात. डेल्टाच्या डीव्हीपी मालिकेत हेच काम एम१०११ ते एम१०१४ करतात. सीमेन्सच्या जुन्या एस७-२०० मध्ये १ सेकंदासाठी एसएम०.५ आणि १ मिनिटासाठी एसएम०.४ असे. एस७-३०० आणि त्यानंतरच्या एस७-१२००, १५०० मध्ये मात्र क्लॉक मेमरीचा बाइट आपण नेमून द्यावा लागतो. त्याचे आठ बिट ०.१ ते २ सेकंदांपर्यंतच्या आठ कालावधींचे असतात: शून्य क्रमांकाचा १० हर्ट्झ, पाचवा १ हर्ट्झ, सातवा ०.५ हर्ट्झ. बाइट नेमला पण हार्डवेअर कॉन्फिगरेशन डाउनलोड करायचे राहिले, तर बिट ढिम्म हलत नाही आणि माणूस लॅडरमध्ये (शिडीसारख्या आकृतीत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये) चूक शोधत बसतो.

तयार बिटांत हवा तो कालावधी नसेल तर टायमर वापरतात. टॉन टायमरच्या (ठरलेला वेळ भरला की आउटपुट चालू करणाऱ्या) आधी त्याच्याच आउटपुटचा एनसी कॉन्टॅक्ट (आउटपुट चालू झाले की तुटणारा) टाकला की वेळ भरताच टायमर स्वतःला रीसेट करतो आणि पुन्हा मोजू लागतो. यातून जो पल्स निघतो तो एका स्कॅनपुरता. चालू आणि बंद यांचे काळ वेगवेगळे हवे असतील तर दोन टायमर एकमेकांना जोडतात; कोडसिस या पीएलसी प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ब्लिंक नावाचा तयार ब्लॉकही आहे.

स्वतःला रीसेट करणारी ही ओळ प्रत्येक शिकाऊ लिहितो आणि दिव्यासाठी ती उत्तम आहे. मोजणीसाठी मात्र ती नडते. एका स्कॅनमध्ये वेळ भरल्याचे कळते, दुसऱ्यात टायमर रीसेट होतो, तिसऱ्यात मोजणी नव्याने सुरू होते. म्हणजे प्रत्येक पल्समागे किमान दोन स्कॅन वाया. स्कॅन ५ मिलिसेकंदांचा आणि टायमर १ सेकंदाचा धरला तर खरा कालावधी किमान १.०१ सेकंद होतो. दिवसाअखेर ८६,४०० ऐवजी सुमारे ८५,५०० पल्स मिळतात, म्हणजे हिशेब १४ मिनिटांनी मागे पडतो. स्कॅन वाढला की चूकही वाढते, त्यामुळे टायमरमध्ये ९९० मिलिसेकंद भरून केलेली जुळवणी प्रोग्रॅममध्ये चार ओळी वाढल्या की पुन्हा बिघडते.

एस७-१२०० मध्ये आणखी एक फसगत आहे. तिथे टायमरचा क्यू बिट (त्याचे आउटपुट) थेट वाचला तरी त्या क्षणी त्याची किंमत ताजी होते. एनसी कॉन्टॅक्ट वाचतानाच वेळ भरली, तर क्यू चालू होतो, लगेच पुढच्या ब्लॉकमध्ये टायमर रीसेट होतो आणि बाकीच्या प्रोग्रॅमला पल्स दिसतच नाही. दहा-वीस पल्समध्ये एखादा असा गळाला तर शोधणे कर्मकठीण. उपाय साधा आहे: ब्लॉकचे आउटपुट वेगळ्या बिटात घ्यायचे आणि एनसी कॉन्टॅक्टसकट सगळीकडे तोच बिट वापरायचा.

तयार क्लॉक बिट असा मागे पडत नाही, पण त्याच्यावर एज, म्हणजे बंदवरून चालू होण्याचा क्षण, पकडावी लागते. १ सेकंदाचा बिट अर्धा सेकंद चालू राहतो. ५ मिलिसेकंदांच्या स्कॅनमध्ये त्या काळात बेरजेची सूचना १०० वेळा चालते. काउंटर एज स्वतः पाहतो, बेरीज पाहत नाही. शिवाय हा बिट स्कॅनची वाट न पाहता बदलू शकतो, त्यामुळे एकाच फेरीत वर तो बंद आणि खाली चालू दिसणे शक्य असते. म्हणून फेरीच्या सुरुवातीला त्याची एक प्रत घेऊन पुढे तीच वापरणे बरे. स्कॅन १२ मिलिसेकंदांचा असताना एम८०११ वर काही मोजू पाहणे तर व्यर्थच. पल्सच्या अर्ध्या काळापेक्षा स्कॅन छोटा हवा.

टायमरऐवजी सीपीयूचा मिलिसेकंद मोजक वाचूनही अचूक पल्स काढता येतो. कोडसिसमध्ये त्यासाठी टाइम फंक्शन आहे. पुढच्या पल्सची वेळ ‘आत्ता’मध्ये कालावधी मिळवून न काढता मागच्या ठरलेल्या वेळेत मिळवून काढायची. एखादा पल्स काही मिलिसेकंद उशिरा पडला तरी तो उशीर साठत जात नाही. पीआयडी लूप (तापमान, दाब यांसारखी किंमत आपोआप राखणारे नियंत्रण) किंवा टोटलायझर (दरावरून एकूण बेरीज काढणारा) असेल तर सायक्लिक इंटरप्ट, म्हणजे ठरावीक वेळाने मध्येच चालणारा प्रोग्रॅमचा भाग, अधिक योग्य. एस७-३०० चा ओबी३५ हा असा ब्लॉक मूळ सेटिंगमध्ये दर १०० मिलिसेकंदांनी मुख्य प्रोग्रॅम थांबवून चालतो.

स्टेपर किंवा सर्व्हो मोटरला लागणारे पल्स ही वेगळी जात आहे. एस७-१२०० किंवा एफएक्स३यू हे १०० किलोहर्ट्झपर्यंतचे पल्स स्कॅनला वळसा घालून थेट हार्डवेअरमधून काढतात, आणि त्यासाठी ट्रान्झिस्टर आउटपुटच लागते. साधा लुकलुकणारा दिवाही रिले आउटपुटवर कायम ठेवू नये, कारण रिले प्रत्येक ओढीने झिजतो. १ हर्ट्झला रिले दिवसात ८६,४०० वेळा ओढला जातो, म्हणजे दोन दिवसांच्या आतच एक लाख वेळा.