लिव्हरवर वण किती? आधी जुना रिपोर्ट काढा

हिपॅटायटिस बी किंवा सी निघाला की लॅबच्या खिडकीशी पहिला प्रश्न येतो, "लिव्हर किती खराब झालंय?" गंमत म्हणजे या प्रश्नाचं अर्धं उत्तर बऱ्याचदा विचारणाऱ्याच्या पिशवीतल्या जुन्या रिपोर्टातच असतं.

हा व्हायरस वर्षानुवर्षं अंगात राहिला की लिव्हर सुजतं आणि सूज भरून येताना मागे वण राहतात. हाच फायब्रोसिस. वण फार वाढले की सिरॉसिस. तोवर दुखत काहीच नाही, म्हणून तर मोजावं लागतं. पूर्वी त्यासाठी बायॉप्सी करावी लागे, आणि सुईने निघणारा तुकडा असतो लिव्हरच्या साधारण पन्नास हजाराव्या भागाइतका! आजही काही जणांना ती लागते, पण सुरुवात तिथून करायची गरज नाही.

रक्ताच्या साध्या आकड्यांवरून वणांचा अंदाज बांधणारा फिब-४ हा हिशेब २००६ साली पुढे आला. त्याला लागतं तुमचं वय, एसजीओटी, एसजीपीटी (ही लिव्हरच्या तपासणीतली दोन एन्झाइम्स) आणि प्लेटलेट. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने भागायचं. समजा वय ४८, एसजीओटी ६०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट दोन लाख (म्हणजे हिशेबात २००). उत्तर १.८. आकडा १.४५ च्या खाली असला तर जास्त वण असण्याची शक्यता कमी, ३.२५ च्या वर असला तर बरीच. १.८ मधे लटकतो, म्हणजे डॉक्टर बहुधा फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) सांगतील.

प्लेटलेटचा लिव्हरशी काय संबंध? वणांमुळे लिव्हरमधून रक्त नीट पुढे सरकत नाही, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिथेच अडकून पडतात.

आता यातली मेख. याच माणसाला पावसाळ्यात डेंग्यू होऊन प्लेटलेट ८० हजारांवर आल्या, तर बाकी आकडे तेच धरूनही उत्तर येतं ४.५. लिव्हर तेच, वण तेवढेच! म्हणून तापात किंवा नुकत्याच झालेल्या काविळीत हा हिशेब करू नका. आदल्या दिवशी जिममध्ये घाम गाळला असेल तरी एसजीओटी चढतं. कधी नळीतच प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि मशीन त्या कमी मोजतं. प्लेटलेटचा आकडा फारच कमी दिसला की आम्ही रक्ताची स्लाइड मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी बघतो. पस्तिशीच्या आतल्यांत फिब-४ वर फार भिस्त ठेवू नये.

वणांचाच अंदाज देणारी फायब्रोटेस्ट नावाची रक्ताची महागडी तपासणीही आहे. तिच्यात हॅप्टोग्लोबिन, बिलिरुबिनसह पाच घटक मोजतात. डॉक्टरांनी लिहिली असेल तर जरूर करा. निव्वळ काळजीपोटी आधी तीच करून घेऊ नका, असं आम्ही लॅबवाले असूनही सांगतो.

हिपॅटायटिस बी असलेल्यांसाठी खास: फिब-४ कमी आला म्हणून व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती आहे त्याची तपासणी) आणि पुढच्या तपासण्या टाळू नका. औषध चालू झाल्यावर आकडा झपाट्याने उतरतो तो मुख्यतः सूज कमी झाल्याने. वण इतक्या लवकर जात नाहीत. सिरॉसिस एकदा ठरला असेल, तर आकडा कितीही सुधारो, दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चालूच ठेवायची.

फिब-४ साठी रक्त द्यायला उपाशी येण्याची गरज नाही. सीबीसी (प्लेटलेट त्यातच कळतात) आणि लिव्हरची तपासणी एकाच दिवशीच्या रक्तावर करून घ्या. दारू, चालू गोळ्या, आयुर्वेदिक काढे, जे असेल ते मोकळेपणाने सांगा. जुने रिपोर्ट आणलेत तर फिब-४ काढून देण्याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही.