मोहरी विकायची कोणाला: घाणीवाल्याला की लोणचेवाल्याला?

रब्बीच्या तोंडावर खान्देशात एक सल्ला दरवर्षी फिरतो: “जास्त तेलाची मोहरी लावा. तेल जास्त म्हणजे झणका जास्त, मसालेवाले दारात येऊन घेतील.” तेलाचे टक्के आणि झणका एकच समजण्याची ही चूक आता थांबायला हवी. तिच्यापायी चांगला माल भलत्याच गिऱ्हाइकाकडे जातो आणि भाव पडतो.

पीक आपल्याला नवं नाही. हरभऱ्यात चार ओळी, बांधाला पट्टा, कोबीत सापळा पीक, हे सगळे करतात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरणी, ओळींत 45 सेंटिमीटर, एकरी 2 किलो बी, ढगाळ हवेत माव्यावर नजर. फक्त बी फोकून पेरू नका. विरळणी नीट होत नाही आणि दाणा लहानमोठा भरतो.

आता झणक्याचं. मोहरी मुठीत धरून हुंगा, वास येत नाही. तीच पाण्यात फेसायला घेतली की नाकाडोळ्यांतून पाणी येतं. दाण्यात सिनिग्रिन नावाचं ग्लुकोसिनोलेट, म्हणजे गंधक असलेलं एक संयुग असतं आणि त्याच्यापासून वेगळं ठेवलेलं मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) असतं. दाणा फुटून ओल लागली की दोघांची गाठ पडते आणि ॲलिल आयसोथायोसायनेट तयार होतं. झणका तो हाच. मुद्दा असा की सिनिग्रिन तेलात नसतं, ते गाळप झाल्यावर पेंडीत राहतं. मग कच्च्या घाणीचं तेल झणझणीत कसं? गाळताना पाण्याचा हात लावतात आणि घाणी फार तापू देत नाहीत, म्हणून झणका तिथे तयार होतो आणि थोडासा तेलात उतरतो. ॲगमार्क या शेतमालाच्या सरकारी दर्जाच्या प्रमाणात तो 0.25 ते 0.60 टक्के आहे. दाण्यातलं तेल मात्र 40 टक्क्यांच्या आसपास. हे दोन आकडे एकमेकांवर अवलंबून नाहीत. तेल वाढलं म्हणून झणका वाढत नाही.

हे न कळल्याचा सगळ्यात मोठा फटका ‘डबल झीरो’ जातींत बसतो, म्हणजे इरुसिक आम्ल (तेलातलं एक स्निग्धाम्ल) आणि ग्लुकोसिनोलेट दोन्ही कमी केलेल्या जातींत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा डबल झीरो मोहरी 31 घ्या. तिच्या तेलात इरुसिक आम्ल 2 टक्क्यांच्या आत आणि पेंडीत ग्लुकोसिनोलेट ग्रॅममागे 30 मायक्रोमोलच्या आत. पेंड कोंबड्यांना आणि जनावरांना मानवावी म्हणून ते मुद्दाम कमी केलंय. तेलासाठी आणि पेंडीसाठी जात उत्तम आहे. पण लोणचेवाला ज्याचे पैसे मोजतो, तेच तिच्यातून काढलेलं आहे. दाणा बघून हे ओळखू येत नाही, म्हणून “सुधारित आहे” एवढ्यावर पुडा घेऊ नका, जातीचं नाव वाचा. लोणच्यासाठी मी साधी रायवर्गीय (म्हणजे डबल झीरो नसलेली नेहमीची मोहरी) जातच लावीन, उदाहरणार्थ अकोल्याचं कृषी विद्यापीठ आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांची टीएएम 108-1. माल निघाला की चमचाभर दाणे वाटून थंड पाण्यात फेसा, दहा मिनिटं झाका, मग हुंगा. गरम पाणी घालू नका, विकर मरतं.

फोडणीतही तेच होतं. तापल्या तेलात विकर टिकत नाही, उरतो तो खमंगपणा. म्हणून फोडणीच्या मोहरीचा व्यापारी झणका विचारत नाही, दाणा एकसारखा आणि बिनखड्याचा मागतो. झणका हवा असतो मोहरीची डाळ आणि लोणच्याचा मसाला करणाऱ्यांना.

काळी चांगली की पिवळी, बारीक की ठसठशीत, यावर लोक तासन् तास वाद घालतात. त्यात फार तथ्य नाही. दोन रंग एका पोत्यात भरू नका, बस. गंधक मात्र दोन्हीकडे लागतं. त्याने तेल वाढतं आणि सिनिग्रिनही त्यातूनच बनतं. डीएपी खतात गंधक नसतं, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये असतं. मोहरीला मी तेच देईन.

हमीभावाचंही तसंच. 2025-26 च्या विपणन हंगामाचा 5,950 रुपये क्विंटल हा भाव तेलबियांच्या सर्वसाधारण मालाचा होता. तो सांगून मसालेवाल्याशी घासाघीस करण्यात अर्थ नाही. मोहरीच्या तेलगिरण्यांचा मोठा पसारा राजस्थानात आहे. आपल्याकडे शेंगदाण्याचं तेल खातात, त्यामुळे थोडा माल तिकडे धाडला तर गाडीभाडंच खाऊन टाकतं. लोणच्याचं गिऱ्हाईक जवळ आहे. आपली मोहरी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते आणि त्याला ती कैऱ्या उतरायच्या आत हवी असते. तोवर वाळवून, चाळून कोरड्या जागी ठेवा.

पिवळा धोत्रा हे वावरात उगवणारं विषारी तण दोन्ही गिऱ्हाइकांना नको असतं आणि इथे ढिलाई अजिबात चालत नाही. 1998 साली दिल्लीत या धोत्र्याच्या तेलाची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलाने ड्रॉप्सीची (अंगावर सूज आणणाऱ्या विषबाधेची) साथ आली, 60 हून अधिक माणसं दगावली. त्याचं बी मोहरीएवढंच आणि काळपट असतं. नीट पाहिलं तर त्यावर जाळीसारखी नक्षी दिसते, पण खळ्यावर चाळणीतून ते वेगळं होत नाही. म्हणून वावरात तो फुलावर आला की बी धरायच्या आत उपटून बाहेर काढा.