करदात्याचा दावा : अमेरिकेतील काउंटी आणि बांधकामाची कंत्राटे

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत काउंटीच्या सरकारने इमारत, रस्ता किंवा पूल बांधण्यासाठी दिलेले कंत्राट कायद्याला धरून नसेल, तर त्या काउंटीत कर भरणारा साधा रहिवासी न्यायालयात जाऊन ते अडवू शकतो. बिले चुकती झाली असतील, तर ठेकेदाराकडून पैसे परत मिळावेत अशीही मागणी त्याला करता येते. याला करदात्याचा दावा म्हणतात. दावा करणाऱ्याचे स्वतःचे वेगळे नुकसान झालेले असण्याची गरज नसते. वसूल झालेली रक्कमही त्याला मिळत नाही, ती काउंटीच्या तिजोरीत जमा होते. म्हणजे एक माणूस सगळ्या गावाच्या वतीने भांडतो आणि जिंकला तरी त्याच्या पदरात इतरांइतकेच पडते.

अमेरिकेत अशा तीन हजारांहून अधिक काउंटी आहेत. काउंटी हा राज्याखालचा विभाग असतो. तिचा कारभार बहुधा निवडून आलेले मंडळ चालवते. न्यायालयाची इमारत, तुरुंग, ग्रामीण रस्ते, पूल, काही ठिकाणी रुग्णालय ही तिची नेहमीची कामे. पैसा मोठ्या प्रमाणात मालमत्ता करातून आणि कर्जरोख्यांतून येतो, म्हणून फुगवलेल्या बिलाचा बोजा थेट घरमालकाच्या करपावतीवर उतरतो. या दाव्यामागचे सारे तर्कशास्त्र एवढ्यावर उभे आहे.

हा हक्क सुरुवातीपासून नव्हता. ब्रूम काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाविरुद्धच्या १८५८ च्या खटल्यात न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने करदात्याला दारातूनच परत पाठवले. इतरांपेक्षा वेगळी इजा झाली नसेल, तर सार्वजनिक गैरकृत्याविरुद्ध दाद मागणे हे राज्याच्या महाधिवक्त्याचे काम आहे, असा त्या निकालाचा आशय होता. कागदावर हे सुसंगत दिसते. पण महाधिवक्ता गप्प बसला तर काय, याचे उत्तर त्यात नव्हते. ते शोधायची वेळ लवकरच आली आणि निमित्त ठरली न्यूयॉर्क काउंटीच्या न्यायालयाची इमारत.

मॅनहॅटनमध्ये चेंबर्स स्ट्रीटवर १८६१ मध्ये या इमारतीचे काम सुरू झाले. मूळ तरतूद अडीच लाख डॉलरची होती. विल्यम ट्वीड हा शहराच्या राजकारणातला बडा पुढारी काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळावर होता. ठेकेदारांनी बिले फुगवायची, वरचा पैसा ट्वीडच्या टोळीने वाटून घ्यायचा, असा व्यवहार वर्षानुवर्षे चालला. इमारतीला लागणाऱ्या संगमरवराची मॅसॅच्युसेट्समधली खाणही ट्वीडनेच घेऊन ठेवली होती. १८७१ च्या जुलैमध्ये काउंटीच्या हिशेबवह्यांतले आकडे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापले तेव्हा लोकांना खरी कल्पना आली. अँड्र्यू गार्वी या गिलावा करणाऱ्या ठेकेदाराच्या नावावर सुमारे २८ लाख ७० हजार डॉलर पडले होते. त्यातले १ लाख ३३ हजारांहून अधिक तर दोन दिवसांच्या कामाचे होते. एका सुताराला महिन्याभराच्या कामाचे ३ लाख ६० हजार डॉलर मिळाल्याची नोंद होती, आणि ही इमारत दगडालोखंडाची! एकूण खर्च १ कोटी १० लाख ते १ कोटी ३० लाख डॉलरच्या घरात गेल्याचे सांगितले जाते. त्याआधी चारच वर्षे अमेरिकेने अख्खा अलास्का ७२ लाख डॉलरना विकत घेतला होता.

बातम्यांनी खळबळ उडाली, तरी पैशाचा नळ बंद झाला नव्हता. तो बंद झाला एका करदात्याच्या अर्जाने. नागरिकांच्या ‘सत्तर जणांच्या समिती’च्या पाठबळावर जॉन फोली याने दावा दाखल केला आणि ७ सप्टेंबर १८७१ रोजी न्यायमूर्ती जॉर्ज बर्नार्ड यांनी मनाईहुकूम दिला. शहर आणि काउंटीच्या नावाने पैसा उभा करण्याला आणि बिले चुकती करण्याला त्यामुळे खीळ बसली. बर्नार्ड हे ट्वीडच्याच गोटातले मानले जात, त्यामुळे हा हुकूम टोळीला अनपेक्षित होता. पुढच्याच वर्षी त्यांच्यावर महाभियोग चालून त्यांना पद गमवावे लागले, पण त्या एका हुकुमाने केलेले काम पुसले गेले नाही. पैसा थांबला तसे टोळीचे बळही ओसरले. १८७३ मध्ये ट्वीडवरचा खटला याच अपूर्ण इमारतीत चालला.

तरीही १८५८ चा निकाल कायम होता आणि फोलीचा दावा त्यात नीट बसत नव्हता. १८७२ मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने कायदा करून करदात्याला स्पष्ट अधिकार दिला. आज तो राज्याच्या सामान्य नगरपालिका कायद्याच्या ५१ व्या कलमात आहे. मालमत्तेचे करमूल्य एकट्याचे किंवा काही जणांचे मिळून १,००० डॉलर भरले की दावा करता येतो, आणि किमान २५० डॉलरचे हमीपत्र द्यावे लागते. आकडे जुन्या काळचे आहेत, त्यामुळे आजच्या घरमालकाला ती अट नावापुरतीच आहे. खरी अडचण न्यायालयांनी लावलेल्या अर्थात आहे. निव्वळ नियमभंग पुरेसा नाही. फसवणूक किंवा पूर्णपणे बेकायदा कारणासाठी सार्वजनिक पैशाची नासाडी दाखवावी लागते. ट्वीडच्या काळातून जन्मलेल्या कलमाचा इतका आखडता अर्थ लावणे मला पटत नाही.

हडसन नदीच्या पलीकडे, न्यू जर्सीतल्या हडसन काउंटीत, वाद पुन्हा न्यायालयाच्या इमारतीवरूनच झाला. तिथला कारभार पाहणाऱ्या ‘चोझन फ्रीहोल्डर्स’ नावाच्या मंडळाने इमारतीसाठी जागा विकत घेऊन मोबदल्यात कर्जरोखे दिले. हा ठराव बेकायदा ठरून रद्द झाला, पण मंडळ व्यवहार उलटवायला हलेना. तेव्हा करदात्यांनीच दावा केला. ‘क्रॅम्प्टन विरुद्ध झॅब्रिस्की’ या नावाने तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८७९ च्या सत्रात न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी करदात्यांच्या बाजूने निकाल दिला. काउंटीच्या पैशाची बेकायदा विल्हेवाट किंवा बेकायदा कर्ज रोखण्यासाठी रहिवासी करदाता न्यायालयात येऊ शकतो, याबद्दल आता गंभीर शंका उरलेली नाही, असे त्यांनी नमूद केले. देशभरचे वकील आजही या निकालाचा आधार घेतात.

संघराज्याच्या खर्चाला मात्र हे सूत्र लागू नाही. १९२३ च्या ‘फ्रॉदिंगहॅम विरुद्ध मेलन’ निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की केंद्रीय तिजोरीतला एकेकाचा वाटा अगदी क्षुल्लक असतो. नगरपालिकेच्या करदात्याचा संबंध मात्र थेट असतो.

कंत्राटावर हल्ला करण्याची कारणे ठरावीक आहेत. जाहीर निविदा न मागवता काम देणे हे सर्वांत मोठे. न्यूयॉर्कमध्ये ३५,००० डॉलरपेक्षा मोठे सार्वजनिक बांधकाम सर्वांत कमी दराच्या ‘जबाबदार’ निविदाकाराला द्यावे लागते. ‘जबाबदार’ म्हणजे काम पेलण्याची ऐपत, अनुभव आणि सचोटी असलेला. दर कमी लावला म्हणून कुणालाही काम मिळत नाही, आणि बरेच वाद याच शब्दावर होतात. याशिवाय कर्जमर्यादा ओलांडणे, जिथे मतदारांची मंजुरी लागते तिथे ती न घेणे, एकच काम तुकडे पाडून निविदेच्या मर्यादेखाली आणणे, मंडळाच्या सदस्याचा ठेकेदारीत हितसंबंध असणे ही कारणे येतात.

राज्याराज्यांत वाटा वेगळ्या आहेत. ओहायोमध्ये करदात्याने आधी काउंटीच्या सरकारी वकिलाला लेखी विनंती करायची. त्याने हालचाल केली नाही, तरच खर्चाची हमी देऊन स्वतः दावा लावायचा. कॅलिफोर्नियात दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ५२६अ हे १९०९ पासूनचे आणि बरेच मोकळे आहे. त्यात उधळपट्टीविरुद्धही दाद मागता येते. मालमत्ता कर न भरणाऱ्या भाडेकरूचे काय, हा प्रश्न २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. दाव्यासाठी मालमत्ता करच भरलेला हवा असे नाही, असा निकाल झाला आणि पुढच्या वर्षी विधिमंडळाने विक्री कर, उत्पन्न कर यांचाही स्पष्ट उल्लेख कायद्यात घातला. सार्वजनिक कामांच्या कर्जरोख्यांची विक्री मात्र या कलमाखाली रोखता येत नाही.

बेकायदा कंत्राटावर काम झाले असेल तर ठेकेदाराने पैसे परत करायचे का? ‘मिलर विरुद्ध मॅकिनन’ या १९४२ च्या निकालात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने होकार दिला. सरकारी कामात उतरणाऱ्याला निविदेचा कायदा माहीत असलाच पाहिजे, ही त्यामागची भूमिका. नंतर कायद्याने थोडी ढील दिली : दोष केवळ सरकारी कार्यालयाचा असेल आणि ठेकेदाराने सद्भावनेने काम केले असेल, तर नफा वगळून वाजवी खर्च त्याला मिळू शकतो.

करदात्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे वेळ. पाया भरून भिंती उभ्या राहिल्या की प्रतिवादी सांगतो, काम संपले, आता वाद कसला? अनेक दावे इथेच गळतात. म्हणूनच कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहराचे प्रकरण महत्त्वाचे आहे, जरी ते काउंटीचे नसून शाळा मंडळाचे आहे. २०१२ मध्ये मंडळाने एका माध्यमिक शाळेचे सुमारे ३ कोटी ६७ लाख डॉलरचे काम निविदा न मागवता दिले. कागदोपत्री मंडळाने जागा ठेकेदाराला भाड्याने दिली आणि तीच त्याच्याकडून परत भाड्याने घेतली, कारण अशा व्यवहाराला निविदेतून सूट होती. एका करदात्याचे म्हणणे होते की हे भाडे नव्हेच, बांधकाम चालू असतानाच ‘भाड्या’च्या नावाने बिले चुकती झाली. शाळा बांधून झाली, मुले वर्गात बसली, तरी खटला चालू राहिला. अखेर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने काम संपल्यामुळे दावा संपत नाही असे ठरवले. म्हणजे दाव्याचे नुसते दार उघडे राहायला साडेदहा वर्षे गेली. इतका दम किती करदात्यांकडे असतो?

या दाव्यांवर एक टीका नेहमी होते : करदात्याच्या आडून निविदा हरलेला ठेकेदारच लढत असतो. ती अनेकदा खरीही असते. पण दावेदाराचा हेतू काहीही असला तरी कंत्राट कायदेशीर की बेकायदा, हे त्यावरून ठरत नाही, आणि आतली माहिती बहुधा हरलेल्या स्पर्धकाकडेच असते.

भारतात हे काम मुख्यतः उच्च न्यायालयातील रिट आणि जनहित याचिकांतून होते. नागपूर जिल्ह्यातील खापरखेडा औष्णिक वीज केंद्राच्या संच ३ व ४ साठी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने दिलेल्या कामावरून झालेला ‘रौनक इंटरनॅशनल’ खटला इथे मैलाचा दगड मानला जातो. त्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की स्थगितीमुळे खर्च वाढतो आणि तो जनतेवरच पडतो, म्हणून स्थगिती मागणाऱ्यालाही त्याची जबाबदारी घ्यायला लावली पाहिजे. २०१८ च्या दुरुस्तीने विशिष्ट अनुतोष अधिनियमात (कंत्राटाची अंमलबजावणी, मनाईहुकूम अशा उपायांच्या कायद्यात) कलम २०अ आले : पायाभूत सुविधा प्रकल्पाच्या कंत्राटावरील दाव्यात, प्रकल्प अडेल किंवा लांबेल असा मनाईहुकूम दिवाणी न्यायालयाने देऊ नये. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालचा उच्च न्यायालयाचा रिटचा अधिकार त्याने गेलेला नाही, पण तिथेही हे तत्त्व ध्यानात ठेवावे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे.